अगं बाई, डोक्यावर शिंगं!

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे कुठे बोलू नका. गेल्या रविवारी आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या मागच्या गल्लीत एका दहा वर्षांच्या पोराने टेनिसच्या चेंडूवर षटकार मारला. इथवर ठीक. पण मारून झाल्यावर तो बॅट टाकून तडक काकूंच्या स्वयंपाकघरात शिरला, पालथा घातलेला पितळी गंज उचलून डोक्यावर चढवला, दोन्ही कानांशी एकेक कलथा शिंगासारखा धरला आणि गल्लीभर पळत सुटला. बाकीची पोरं दोन रांगा करून उभी, जो तो त्याला टाळी देतोय. समोरच्या घरी भांडी घासणारी बाई हातातलं काम टाकून फाटकाशी आली आणि म्हणाली, "ददा रे!"

काकूंचा नातूच तो, मुंबईहून सुटीला आलेला. "आजी, टोप दे," असं ओरडत आला होता म्हणे. काकू नागपूरकडच्या, लग्न होऊन रायपुरात येऊन चाळीस वर्षं झाली. त्यांच्या घरात भात शिजतो तो गंजात. टोप म्हणजे डोक्यात घालायचं काहीतरी, म्हणून त्या बिचाऱ्या भर उन्हाळ्यात कपाटातली कानटोपी शोधत बसल्या. पोराच्या मुंबईत भात टोपातच शिजतो. भांडं आणि शिरस्त्राण दोन्हींना एकच शब्द ठेवून मराठीनेच परवानगी दिली असेल, तर पोराने ती वापरली यात त्याचा दोष तो काय?

हे मी आत्ता म्हणतेय. त्या संध्याकाळी भिशीत मी एक अक्षर बोलले नाही, कारण तिथे वातावरण तापलं होतं. चिवड्यावरचं झाकणसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

"कुठून शिकतात ही थेरं?" आत्यांनी विचारलं. आत्या म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्यांचा प्रश्न हा प्रश्न नसतो, उलटतपासणी असते. काकूंच्या सूनबाईंनी घाबरत मोबाईल पुढे केला. त्यात एक उंचापुरा हसरा जपानी तरुण, अंगात अमेरिकन संघाचा लाल-पांढरा गणवेश, आणि डोक्यावर हे एवढं थोरलं लढाईचं शिरस्त्राण, कपाळावर दोन लखलखती सोनेरी शिंगं. दोन्ही बाजूंना माणसं आरडाओरडा करतायत आणि हा त्यांच्यातून टाळ्या घेत चाललाय.

"वरात आहे का?" मामी म्हणाल्या.

वरात नव्हती. तो होता शोहेई ओहतानी. संघ लॉस एंजेलिस एंजल्स, साल 2023. त्या वर्षी एप्रिलमध्ये, बेसबॉलचा हंगाम सुरू होताच, या संघाने टूम काढली की जो होम रन मारेल त्याच्या डोक्यावर सामुराईचं शिरस्त्राण चढवायचं. त्याला जपानीत काबुतो म्हणतात. ओहतानी संघातला सगळ्यात मोठा खेळाडू, चेंडूही टाकणारा आणि फटकेही मारणारा, त्यामुळे जपानी टोप आला तो त्याच्या मानाने आला. पण घालायचा सगळ्यांनी. टेक्सासचा असो की डोमिनिकन, मारला होम रन की झाला सामुराई. आदल्या वर्षी याच संघात काऊबॉयची टोपी होती म्हणे, म्हणजे खूळ नवं नव्हतं, टोपी तेवढी बदलली.

आता बेसबॉल आपल्यापैकी किती जणींना कळतो? मलाही नाही. पण भिशीत सूनबाईंनी शेंगदाण्यांची मैदानरचना करून जे समजावलं त्यातून एवढं कळलं: होम रन म्हणजे चेंडू कुंपणाबाहेर, आपला षटकारच, पण मारणाऱ्याने चार तळ शिवून यायचं असतं. एकेक टप्पा नव्वद फुटांचा, म्हणजे सगळी प्रदक्षिणा तीनशे साठ फुटांची. ती संपली की तो जातो मैदानाच्या कडेला, खाली उतरून, संघ बसतो त्या पडवीत. शिरस्त्राण तिथे वाट बघत असतं. म्हणजे नाचायचं ते आपल्या ओसरीवर. आपल्या फलंदाजाला ही सोय नाही. त्याने षटकार मारला की लगेच पुढचा चेंडू खेळायचा असतो. शिंगं लावून पुढच्या यॉर्करला कसं तोंड देणार?

मला मात्र दुसरीच गंमत दिसली. आपल्याकडे शतक झालं की फलंदाज हेल्मेट काढतो, डोकं मोकळं करतो, मग आकाशाकडे बघतो. गेल्या 3 डिसेंबरला, 2025 ची गोष्ट, आपल्याच नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियममध्ये पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने एकदिवसीय सामन्यातलं पहिलं शतक ठोकलं. 105 धावा. त्याच डावात विराट कोहलीच्या 102. आमची अर्धी कॉलनी तिकडे, उरलेली टीव्हीसमोर. हेल्मेट काढलं, बॅट उंचावली, संपलं. आम्ही इतक्या खूष की सामना दक्षिण आफ्रिकेने 359 चा पाठलाग करून जिंकला, हे दुसऱ्या दिवशीसुद्धा घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. तर आपल्याकडे आनंद झाला की टोप उतरतो आणि तिकडे चढतो.

"आणि किंमत?" मामींनी विचारलं. मामींना कुठल्याही वस्तूची किंमत कळल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवता येत नाही. सूनबाई म्हणाल्या, जपानच्या कागोशिमा प्रांतातल्या सात्सुमासेन्दाई गावी मारुताके सांग्यो नावाचा कारखाना आहे. सिनेमा-मालिकांसाठी चिलखतं बनवतो. टोप तिथला. सव्वातीन लाख येनच्या वर, म्हणजे अडीच हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे साधारण दोन लाख रुपये.

दोन लाख! चिवड्याचं झाकण तेव्हा कुठे निघालं. इतका वेळ हा पोरकटपणा होता; दोन लाख कळल्यावर एकदम संस्कृती झाली.

आणि इथे आत्या उसळल्या. "शिंगांचा टोप यांना जपानहून आणावा लागतो? दंडामी माडिया काय घालतात मग?" बरोबर बोलल्या. बस्तरचं गौर नृत्य ज्याने पाहिलंय त्याला काबुतोचं काय कौतुक? रानगव्याची खरी शिंगं, मधोमध पिसांचा तुरा, आणि कपाळावरून तोंडापर्यंत लोंबणाऱ्या कवड्यांच्या माळा. गळ्यात भलामोठा ढोल. आणि नाचता नाचता गव्यांसारख्या एकमेकांना दिलेल्या धडका. मुकुट बापाकडून मुलाकडे जातो, दुकानात मिळत नाही. 1938 साली ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बस्तरच्या माडियांवर पुस्तक लिहिलं, त्याने त्यांना नावच रानगव्याच्या शिंगांवरून दिलं. 2019 च्या डिसेंबरात इथे सायन्स कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरला, तेव्हा राहुल गांधी तो मुकुट घालून ढोल वाजवत नाचले. सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो. म्हणजे पाहा, माडियाने घातला तर लोककला, पुढाऱ्याने घातला तर पहिल्या पानावर फोटो, ओहतानीने घातला तर ब्रँड. काकूंच्या नातवाने घातला की माकडचेष्टा.

हे मी मनातच म्हटलं. भिशी माझ्याकडे लागायची होती.

"पण मी म्हणते," मामी सरसावून बसल्या, "आपला जिरेटोप कुणी असा घातला असता तर?" सगळ्या एकदम गप्प. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक. 2024 च्या मे महिन्यात वाराणसीत प्रफुल्ल पटेलांनी पंतप्रधानांच्या डोक्यावर जिरेटोप ठेवला तर महाराष्ट्रात केवढा गदारोळ उडाला! षटकाराषटकाराला जिरेटोप घातला असता तर स्टेडियमबाहेर मोर्चा आधी आला असता, चेंडू नंतर. त्याच्या आधी 2018 मध्ये पुण्यात शरद पवारांनी कार्यकर्त्यांना सांगितलं होतं की यापुढे सत्काराला पुणेरी पगडी नको, फुल्यांची पगडी घाला, आणि त्यावर महाराष्ट्र किती दिवस बोलत होता ते आठवा. आपल्या मुलखात डोक्यावर काय आहे यावर आख्खा अग्रलेख होतो. आणि हेच आपण लग्नात दोन्हीकडच्या शंभर पाहुण्यांना ओळीत बसवून फेटे बांधतो. ज्याने आयुष्यात घोडा जवळून पाहिला नाही तोही कोल्हापुरी तुरा काढून जेवायला बसतो. फेटेवाला तासाचे पैसे घेतो. तिथे कुणाची परंपरा दुखावत नाही.

बरं, ज्यांचा टोप त्या जपान्यांचं काय? तिकडे तर फारच मजा. एंजल्सचा टोप निघण्याच्या अगोदरच्या महिन्यात, मार्च 2023 मध्ये, जपान वर्ल्ड बेसबॉल क्लासिक जिंकला. शेवटच्या क्षणी ओहतानीने कुणाला बाद केलं? समोरच्या संघातून खेळणाऱ्या, एंजल्समधल्या आपल्याच जोडीदाराला, माइक ट्राउटला. दोनेक आठवड्यांनी हे दोघे पुन्हा एकाच पडवीत, एकाच टोपाखाली. आपल्याकडे साड्यांवरून जावा-जावा सहा महिने बोलत नाहीत.

त्या जपानच्या संघात लार्स नूटबार नावाचा खेळाडू होता. आई जपानी, वाढला कॅलिफोर्नियात. तो तळावर पोचला की दोन मुठी एकावर एक ठेवून मिरपूड दळल्यासारख्या फिरवायचा. सगळ्या संघाने ते उचललं, मग सगळ्या देशाने. मामी म्हणाल्या, "म्हणजे दळण." अगदी तेच! मराठीत कुणी तेच तेच लावलं की आपण म्हणतो दळण दळतोय, आणि जपान अख्खा महिना दळत होता. पण पुढचं ऐका. त्याच सुमारास शाळकरी मुलांची वसंत ऋतूतली कोशिएनची मोठी स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच दिवशी तोहोकू हायस्कूलचा एक मुलगा तळावर पोचला आणि त्यानेही मुठी फिरवल्या. पंचांनी समज दिली! शालेय बेसबॉलच्या महासंघाने वर पत्रक काढलं की अनावश्यक हावभाव नकोत, आनंद खेळातूनच व्यक्त करावा. पोराने हातात काही घेतलं नव्हतं, कुणाला काही म्हटलं नव्हतं, हवेत मिरपूड दळली होती. चूक एवढीच की तो तळावर पोचला होता समोरच्याच्या चुकीमुळे. आत्या लगेच म्हणाल्या, "मग बरोबर आहे." आत्यांनी शाळेत पस्तीस वर्षं हेच केलं.

म्हणजे काय झालं, की राष्ट्रीय संघाने दळलं तर देशप्रेम, पोराने दळलं तर शिस्तभंग. काकूंना हे फारच आवडलं. त्या बाहेर खेळणाऱ्या नातवाकडे बघून म्हणाल्या, "बघ, तिकडेही बोलणी खातात."

आणि हे शिस्तीचे जपानी मोठे झाल्यावर काय करतात ते तर मी भिशीत सांगितलंच नाही, वेळ झाली असती. 1985 मध्ये ओसाकाकडच्या हानशिन टायगर्स संघाने आपली लीग जिंकली. चाहते दोतोनबोरीच्या पुलावर जमले. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणारा चाहता खाली पाण्यात उडी मारणार. रँडी बास या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूसारखं कुणी सापडेना. तेव्हा जवळच्या केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानाबाहेरचा दाढीवाल्या म्हाताऱ्याचा पुतळा उचलून टाकला पाण्यात! मग संघ वर्षानुवर्षं जपानचं अजिंक्यपद जिंकेना. लोक म्हणाले, शाप लागला. 2009 मध्ये पुतळा चिखलातून निघाला, 2023 मध्ये संघाने ते अजिंक्यपद जिंकलं, 2024 मध्ये त्या पुतळ्याला विधी करून निरोप दिला. आपल्याकडे मूर्तीचं पूजन आधी आणि विसर्जन नंतर असतं, त्यांनी क्रम उलटा केला आणि मध्ये चाळीस वर्षं घालवली.

अमेरिकनांचं वेगळंच. तिकडे अलिखित नियमांचा फार बाऊ. 2015 मध्ये टोरंटोच्या होसे बाउतिस्ताने टेक्सासविरुद्ध होम रन मारून बॅट दिमाखात भिरकावली. बॅट हो, नुसती बॅट. त्या रुसव्याची उधारी पुढच्या वर्षी मे महिन्यात फिटली. टेक्सासच्या रुग्नेद ओडोरने भर मैदानात त्याच्या जबड्यावर ठोसा हाणला. आणि आठ वर्षांत तोच खेळ इतका बदलला की बॉस्टनचे लोक होम रन मारणाऱ्याला मळक्या कपड्यांच्या ढकलगाडीत बसवून पडवीतून फिरवायला लागले, पिट्सबर्गवाले तलवार देऊ लागले, मिनेसोटात मासे धरायचं जाकीट, बाल्टिमोरमध्ये नरसाळ्याला जोडलेल्या नळीतून पाणी पाजणं. पाणी पाजतात हे ऐकून काकूंना वाटलं उन्हाचं देत असतील, चांगलं आहे.

तिथेही एका टोपीवर बंदी आलीच. 2023 मध्येच अटलांटाच्या संघाने होम रन मारणाऱ्याला पातेल्याएवढी अजस्र टोपी घालायला सुरुवात केली. एप्रिल संपायच्या आत लीगने थांबवायला सांगितली. कारण काय असेल? खेळाचा अपमान? समोरच्याला हिणवणं? छे! टोप्यांचा अधिकृत ठेका एका कंपनीचा, आणि ती थोरली टोपी दुसऱ्या कंपनीची होती. म्हणजे आपण टोपीत मान बघतो, जपानी माणूस शिस्त बघतो, आणि अमेरिकन आतल्या बाजूला उलटून शिक्का बघतो. यावर मात्र आत्या पहिल्यांदा हसल्या.

आपले आयपीएलवाले आता त्यांच्याच वळणावर निघालेत, फक्त दंडासह. दिग्वेश राठीने 2025 मध्ये गडी बाद केल्यावर हवेतल्या वहीत हवेतल्या पेनाने काहीतरी लिहिलं. पहिल्या वेळी मानधनाच्या पंचवीस टक्के दंड, तीन दिवसांत पुन्हा लिहिलं तर पन्नास टक्के. आत्या म्हणाल्या, पस्तीस वर्षांत वहीत लिहिणाऱ्याला दंड केल्याचं मी पहिल्यांदा ऐकतेय. त्याच्या आदल्या वर्षी हर्षित राणाने बाद झालेल्या मयंक अगरवालला हवेतून मुका पाठवला, त्या सामन्यातल्या दोन चुकांचे मिळून त्याचे साठ टक्के गेले. रवींद्र जडेजा मात्र बॅटची तलवार करून गरगर फिरवतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. तलवार चालते, मुका चालत नाही. यावर भिशीत फार चर्चा झाली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

तेवढ्यात सूनबाईंनी टोपाचं पुढे काय झालं ते सांगितलं, आणि आमचा सगळ्यांचा चेहराच पडला. ओहतानीने त्या हंगामात 44 होम रन मारले, सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि संघ? 73 जिंकले, 89 हरले! दोन लाखांची शिंगं, आणि संघ घरी. वर्ष संपता संपता ओहतानी जवळच्याच दुसऱ्या संघात, डॉजर्समध्ये गेला, दहा वर्षांचे सत्तर कोटी डॉलर घेऊन. तिथे टोप नाही. तिथे तेओस्कर हर्नांडेझ नावाचा खेळाडू होम रन मारून येणाऱ्यावर सूर्यफुलाच्या बिया उधळायचा. मामी म्हणाल्या, "अक्षता!" आता हे मात्र आम्हा सर्वांना पटलं. खर्च नाही, ठेकेदार नाही, शिंगं नाहीत, नंतर झाडून घेतलं की झालं.

"झाडायचं कोणी?" काकूंच्या सूनबाई म्हणाल्या. पहिल्यांदा ती मुलगी मोठ्याने बोलली.

आणि गंमत बघा, सगळं जग टोपाकडे बघत असताना एंजल्सच्या पडवीत ओहतानीच्या शेजारी त्याचा दुभाषा उभा असायचा, इप्पेई मिझुहारा. सावलीसारखा. त्याने जुगारापायी ओहतानीच्या खात्यातून सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर काढले. 2024 च्या मार्चमध्ये उघड झालं, 2025 मध्ये 57 महिन्यांची शिक्षा झाली. इतक्या वेळात एकही पत्रक त्या माणसाबद्दल निघालं नव्हतं. हे ऐकून मामींनी उगाचच आपली पर्स जवळ ओढून घेतली.

तोवर नातू कंटाळून आत आला होता. काकू त्याला जवळ घेऊन म्हणाल्या, तुला टोपच हवा ना, मग वर्तमानपत्राचा करून देते. त्यांनी घडी घातली, कोपरे दुमडले, दोन टोकं वर वळवली. सूनबाई एकदम म्हणाल्या, "आई, हाच काबुतो!" खरंच की. जपानात 5 मेला मुलांचा सण असतो, घरोघर शोभेची शिरस्त्राणं मांडतात आणि पोरं वर्तमानपत्राचे हेच टोप डोक्यावर घालून फिरतात. काकूंनी कधी जपान पाहिलं नाही. कागद असा दुमडला की टोप होतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पोराने टोप घातला आणि बाहेर पळाला. पुढच्याच चेंडूवर त्रिफळा उडाला, पण टोप काही त्याने काढला नाही.

आम्ही उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिना उतरताना मामींनी मला कोपराने ढोसलं, मागे आत्या नाहीत ना बघितलं, आणि हळूच विचारलं, "का गं, त्या दोन लाखांत शिंगं सोन्याची असतील की नुसता मुलामा?"